काचेतली वहाण आणि कार्डावरचं नाव

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, आणि ती कुणाला उद्देशून वापरली जाते हेही आपल्याला ठाऊक आहे. संग्रहालय मात्र नेमकं उलट करतं. पायातली वहाण उचलून काचेत ठेवतं, वर दिवा लावतं आणि खाली एक छोटं कार्ड चिकटवतं. आज आपण बोलणार आहोत ते या कार्डाबद्दल. कारण वस्तू कुणाची, हे तिथे ठरतं.

पहिली जोडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली. निळ्या, मगरीच्या कातडीसारख्या दिसणाऱ्या चामड्याचे, अतिशय उंच टाचांचे बूट. 1993 साली पॅरिसच्या मंचावर हेच घालून चालताना नाओमी कॅम्बेल पडली आणि ते जगप्रसिद्ध झाले. हे बूट ओळखले जातात डिझायनरच्या नावाने, विवियन वेस्टवुडच्या. ते योग्यच आहे. कल्पना तिची होती, धाडसही तिचं होतं. पण तळ कापणारे आणि चामडं ओढून बसवणारे हात तिथेही होते, आणि ते कुणाचे हे बघणाऱ्यांपैकी कुणी विचारत नाही.

दुसरी जोडी आपल्या जास्त जवळची. कॅनडात टोरांटोला बाटा शू म्युझियम आहे, 1995 पासून आजच्या इमारतीत. तिथे सोन्याच्या जरीची, रत्नं जडवलेली एक जोडी आहे. ती ओळखली जाते हैदराबादचा निजाम सिकंदर जाह याच्या नावाने. आपलं शहर 1763 पर्यंत निजामाची राजधानी होतं आणि 1948 पर्यंत त्याच्याच राज्यात होतं, म्हणजे हा जोडा एका अर्थी आपल्याही राजाचा. 2006 मध्ये तो चोरीला गेला, पुढे परतही मिळाला, आणि बातम्यांत आकडा आला तो रत्नांच्या किमतीचा. इथे नाव घालणाऱ्याचं आहे. शिवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

कुणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आता आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की ‘कारागिराचं नाव त्या काळी नोंदवलं गेलं नाही’ हे एक वाक्य तरी कार्डावर असावं. रिकामी जागा रिकामी दाखवणं हाही इतिहासच असतो.

आता तिसरी जोडी, आपली कोल्हापुरी. जून 2025 मध्ये मिलानमध्ये प्राडाने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये तशाच चपला मंचावर आणल्या. वर्णन काय, तर ‘चामड्याचे सँडल’. कोल्हापूरचं नाव नाही. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड्या इथे बनणार, किंमत सुमारे 800 युरो.

हे झालं ते बरंच झालं. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. हे मानांकन मुख्यतः नावाला संरक्षण देतं, घाटाला नाही. म्हणजे घाट घेतला आणि नाव टाकून दिलं, की कायद्याचा हात तिथवर पोचणं अवघड. नाव न घेणं हा नुसता उद्धटपणा नसतो, त्यात सोयही असते.

आणि आता आमचा खरा आक्षेप. वेस्टवुडने टाच वाढवली, तर आपण त्याला डिझाइन म्हणतो. आपल्या चर्मकाराने वेणी कुठून घ्यायची, कान किती ठेवायचा, तळाला किती थर द्यायचे हे ठरवलं, तर आपण त्याला म्हणतो ‘परंपरा’! जणू ते आपोआप होतं. तळासाठी म्हशीचं जाड कातडं घेणं, ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावणं, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवणं, हे सगळे निर्णय आहेत. कापशी वेगळी, पुकरी वेगळी, बक्कलनाळी वेगळी. डोकं चालवल्याशिवाय एवढे घाट तयार होत नाहीत. शिवाय वेणी घालायचं काम बऱ्याच घरांत बायका करतात, त्यांचा उल्लेख तर ‘परंपरा’ म्हणतानाही होत नाही.

‘परंपरा’ हा शब्द आदराचा वाटतो खरा, पण तो माणूस पुसून टाकतो. आणि आपल्याकडे हे पुसणं निरागस नाही. ज्यांनी गावाला वहाणा पुरवल्या, त्यांच्याच लोकांना वरच्या आळीतून जाताना त्या हातात घ्यायला लावायची रीत होती. कातड्याला हात लावतो म्हणून माणूस दूर, आणि त्या कातड्याची चप्पल मात्र लग्नात मिरवायला हवी. प्राडावर रागावणं सोपं आहे. आपण दुकानात कोल्हापुरी घासाघीस करून घेतो तेव्हा ती कुणी केली, हे किती जण विचारतात?

पैठणीचंही काही वेगळं नाही. गावाचं नाव जगभर गेलं, विणणाऱ्याचं मागावरच राहिलं.

म्हणून आपल्या संग्रहालयांकडे एक मागणी. पुढच्या वेळी कोल्हापुरी काचेत ठेवाल तेव्हा कार्डावर चार ओळी लिहा: कातडं कुणी कमावलं, तळ कुणी कापला, वेणी कुणी घातली, आणि त्या जोडीचे त्यांना किती पैसे मिळाले. चौथी ओळ लिहायला सगळ्यात जड जाईल, म्हणून ती सगळ्यात आधी लिहा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.