जात्यावरचा आवाज आणि जखमेची नोंद

अत्याचाराचा इतिहास बहुधा दोन ठिकाणी राहतो: सरकारी दप्तरात आणि सोसणाऱ्यांच्या मनात. दप्तर आकडे सांगते. मन जे सांगते ते सहसा कोणी लिहून घेत नाही. संगणकामुळे या दुसऱ्या नोंदीला हक्काची जागा मिळाली आहे का, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्यातील माजलगावच्या ओव्या आम्हांस महत्त्वाच्या वाटतात.

पहाटे दळताना स्त्रिया ज्या ओव्या गात, त्यांचे संकलन हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात हाती घेतले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी त्यांचा संगणकीय कोश उभा केला. पी. साईनाथ यांनी २०१४ साली स्थापलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहाने २०१७ पासून ध्वनी, शब्द व अनुवाद यांसह त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माजलगावच्या भीमनगर या दलित वस्तीत १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या त्यांतच आहेत. बाबासाहेब, रमाई आणि बुद्ध हे त्यांचे विषय.

या कार्याचे मोठे यश असे, की येथे गाणारी स्त्री ‘एक अनामिक लोककवी’ उरत नाही. तिचे नाव व गाव ओवीसोबत असते. छापील संग्रहात जो कंठ हरवतो, तो येथे ऐकू येतो. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि गाण्याची जागाच गेली. अशा वेळी हे काम झाले नसते, तर हा ठेवा एका पिढीत संपला असता.

तथापि आमचा आक्षेप नोंदविणे अगत्याचे आहे. कोशात ओव्या विषयवार लावलेल्या आहेत. अभ्यासकाला ही सोय खरी. पण सलग गाण्यातून एक ओवी वेगळी काढली, की तिच्या आधीचा उसासा आणि नंतरचा अभिमान तुटतो. शिवाय ओवी ही साक्ष असली, तरी तिला तारीख नसते. अपमान कसा वाटला हे ती सांगते. कोणाचे घर कधी जळले हे सांगत नाही.

मराठवाड्याला या दुसऱ्या प्रकारच्या नोंदीचीही गरज आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. अमेरिकेत माँटगोमेरी येथे २०१८ साली उघडलेल्या स्मारकात झुंडीने मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद परगण्यांनुसार आहे. आपल्या परगण्याचा स्तंभ कोणालाही शोधता येतो. जात व वंश एकच नव्हेत, हे खरे. पण वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या समितीने २००२ साली जन्मकुळावरून होणाऱ्या भेदात जातीचाही समावेश केला. भारत सरकारला ती भूमिका मान्य नाही. वाद शब्दांचा असो; जळालेल्या घराची राख दोन्हीकडे सारखीच. बीडच्या तरुणालाही आपल्या तालुक्याचे पान असेच उघडता यावे.

मात्र येथे एक फरक विसरता कामा नये. आपल्याकडे मारणारा व मार खाणारा यांची घरे पुष्कळदा आजही एकाच शिवारात आहेत. म्हणून सांगणाऱ्याची संमती, आणि त्याने मागितल्यास नाव झाकण्याची मुभा, ही अशा संग्रहाची पहिली अट असावी. ओवी गाणारीचे नाव सांगणे हा तिचा सन्मान ठरतो. हल्ल्याची हकिकत सांगणाऱ्याचे नाव उघड करणे हे त्याच्यावर नवे संकट ठरू शकते. एकच नियम दोहोंना लावून चालणार नाही.

१९७८ साली जे विशीत होते, ते आज सत्तरीकडे झुकले आहेत. जात्यावरच्या ओव्यांनी ऐकून घेण्याची रीत दाखवून दिली आहे. त्याच रीतीने, अधिक सावधपणे, उरलेल्यांचे ऐकून घेतले पाहिजे. यंत्र आवाज साठवील; पण ‘सांगा, आम्ही ऐकतो आहोत’ असे म्हणायला कोणीतरी माणूसच दारी जावा लागतो.