शेळीच्या मेंदूत सरडा शोधताना

विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात मेंदूचा विषय निघाला की फळ्यावर एक चित्र हमखास काढले जाते. एकात एक बसवलेले तीन कप्पे. सर्वांत आतला सरड्याचा, त्यावर जुन्या सस्तन प्राण्यांचा आणि बाहेरचा माणसाला माणूस करणारा. राग आणि हद्दीची भांडणे आतल्याकडे, माया आणि भीती मधल्याकडे, गणित आणि भाषा बाहेरच्याकडे. चित्र सोपे आहे, मुलांच्या लक्षात राहते. मीही ते बरीच वर्षे शिकवले. सर्वसामान्य वाचकांत या चित्राचा प्रसार करण्यात ज्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, त्या कार्ल सेगन यांच्या ‘द ड्रॅगन्स ऑफ ईडन’विषयी येथे लिहायचे आहे.

पुस्तक १९७७ चे. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. सेगन खगोलशास्त्रज्ञ, परक्या प्रांतात शिरताना लागणारे धैर्य त्यांच्याकडे भरपूर होते आणि भाषाही. विश्वाचा सारा इतिहास एका वर्षाच्या दिनदर्शिकेत बसवणारे पहिले प्रकरण आजही वर्गात मोठ्याने वाचण्यासारखे आहे. माझा आक्षेप तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होतो. तेथे पॉल मॅक्लीन या अमेरिकन संशोधकाची त्रिस्तरीय मेंदूची कल्पना येते आणि पुढचे बरेचसे पुस्तक तिच्यावर उभे राहते. हे सारे तर्क आहेत असे सेगन यांनी उपशीर्षकातच सांगून टाकले आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण लेखन इतके ओघवते आहे की वाचक उपशीर्षक विसरतो. मीही विसरलो होतो.

आठवण करून दिली ती शेळीने. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, आमची काळी शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. एका वर्षी दहावीच्या वर्गासाठी मी खाटकाकडून भेजा मागवला. मुंडी मधोमध फोडू नका, भेजा अखंड हवा, हे दोनदा सांगावे लागले. ताजा भेजा दह्यासारखा असतो, सुरी लावली की फिसकटतो. मिठाच्या पाण्यात उकळून घेतला तेव्हा कुठे नीट कापता आला.

वजन साधारण शंभर ग्रॅम. वर वळ्यावळ्यांचे प्रमस्तिष्क, मागे बारीक रेघांचे अनुमस्तिष्क, खाली मस्तिष्कपुच्छ. पुढच्या टोकाला, खालच्या अंगाला, वासाचे दोन ठसठशीत कंद. आडवा काप घेतला तेव्हा पांढऱ्या भागात खोलवर करड्या पेशींचे पुंजके दिसले. एका मुलाने विचारले, “सर, यातला सरडा कुठला?” मी त्या पुंजक्यांवर काडी ठेवली, कारण मॅक्लीन तेच सांगतात. उत्तर दिले खरे, पण घरी गेल्यावर स्वस्थता वाटेना.

आज काय माहीत आहे ते पाहू. हे पुंजके सरड्याची मक्तेदारी नाहीत. लॅम्प्रे नावाच्या जबडा नसलेल्या जलचरातही त्यांची मूळ रचना असल्याचे २०११ साली दाखवले गेले, आणि त्याची शाखा आपल्यापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. उलट, ज्या भागांना मॅक्लीन सस्तन प्राण्यांची खास देणगी समजत, त्या भागांची भावंडे सरड्याच्याही मेंदूत सापडतात. शिवाय सरडा हा शेळीचा आजोबा नाहीच. दोघांच्या शाखा सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, आणि तेव्हापासून सरड्याचा मेंदूही बदलत आला आहे. फार तर त्याला लांबचा चुलतभाऊ म्हणावे.

पक्ष्यांनी तर हे चित्र पुरते मोडले. त्यांचा अग्रमेंदू म्हणजे बहुतेक हेच खालच्या दर्जाचे पुंजके, असे पूर्वी पाठ्यपुस्तकांत असे. २००४ साली शास्त्रज्ञांनी ती नावेच बदलली. २०१६ च्या मोजणीत पोपट आणि कावळ्यांच्या कुळांतील पक्ष्यांच्या मेंदूत, तेवढ्याच वजनाच्या माकडवर्गीय मेंदूपेक्षा सरासरी दुप्पट चेतापेशी निघाल्या. आणि माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात आहेत. तीन कप्प्यांच्या चित्रात त्या बिचाऱ्याला जागाच नाही!

मजल्यावर मजला चढावा तसा मेंदू गर्भातही वाढत नाही. चेतानलिका बंद होते (माणसात चौथ्या आठवड्याच्या अखेरीस) आणि तिच्या पुढच्या टोकाला तीन फुगे दिसू लागतात: अग्र, मध्य आणि पश्च. तिन्ही एकाच नळीचे. गावरान अंडे दोन-तीन दिवस उबवून फोडले तर भिंगाखाली पिलाच्या मेंदूचे फुगवटे दिसतात. वेगवेगळ्या भागांच्या पेशी तयार होण्याचा क्रम मात्र ठरलेला असतो, आणि १९९५ साली फिन्ले आणि डार्लिंग्टन यांनी दाखवले की ज्यांच्या पेशी उशिरापर्यंत तयार होत राहतात ते भाग मोठ्या मेंदूत अधिकच मोठे होतात. माणसाचे प्रमस्तिष्क एवढे का, याचे हे उत्तर कप्प्यांपेक्षा मला जास्त पटते.

मग सस्तनांचा मेंदू मुळात वाढला कशासाठी? २०११ साली मॉर्गॅन्युकोडॉन आणि हॅड्रोकोडियम या सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या प्राण्यांच्या कवट्या सीटी स्कॅनने तपासल्या गेल्या. वाढ आधी वासाच्या भागांत आणि केसांतून येणाऱ्या स्पर्शाच्या भागांत झालेली दिसली. गणित, भाषा हे सारे फार पुढचे. शेळीच्या भेज्यावरचे ते दोन कंद मला त्यानंतर वेगळ्या नजरेने दिसू लागले. (आपल्या काळ्या पाषाणाच्या काळातलाही एक सस्तन प्राणी ठाऊक आहे: हैदराबादजवळच्या नसकल येथे बेसॉल्टच्या थरांमधल्या गाळात सापडलेला ‘डेक्कनोलेस्टिस’. १९८८ साली त्याची नोंद झाली. पण हाती आले ते मुख्यतः दात. दातांवरून मेंदू मोजता येत नाही.)

एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. कारण हे चित्र फळ्यावर थांबत नाही. भेदरून गप्प बसलेल्या मुलाविषयी “याचा सरडा-मेंदू जागा झालाय” असे शिक्षक-खोलीत मी ऐकले आहे. एकदा असे म्हटले की मुलाला काय झाले, हे विचारायचे राहून जाते. भीती वाटणे आणि विचार करणे या दोन कप्प्यांतल्या दोन प्राण्यांच्या गोष्टी नव्हेत. घाबरलेल्या शेळीचाही सगळाच मेंदू कामाला लागलेला असतो.

सेगन यांचे पुस्तक शाळेच्या कपाटात जरूर असावे. माणसाला वाटणारी सापांची आणि ड्रॅगनांची भीती ही डायनोसॉरांच्या काळाची आठवण असावी, हा भाग गोष्ट म्हणूनच वाचावा. गोष्ट चांगली आहे. मात्र तिसरे प्रकरण वाचायला देण्याआधी भेजा कापून घ्यावा. थंडीच्या दिवसांत, सकाळच्या पहिल्या तासाला. दुपारपर्यंत तो टिकत नाही.