घाम खरा, शॉट खोटा

'एनबीए टूके'चे ग्राफिक्स दरवर्षी सुधारतात, खेळणाऱ्यांच्या मागण्या मात्र त्याच राहतात: लॅग कमी करा, व्हीसीसाठी खिसा कापू नका, सर्व्हर चालू ठेवा.

यात बटण नेमक्या क्षणी सोडलं तरच शॉट हिरवा होतो. गडचिरोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळताना तो क्षणच सरकतो. सराव कितीही असो, बॉल रिंगला लागून परत येतो.

'टूके २०' सप्टेंबर २०१९मध्ये आला, ३१ डिसेंबर २०२१ला त्याचे सर्व्हर बंद झाले. पैसे ओतून घडवलेल्या ऑनलाइन खेळाडूचं आयुष्य जेमतेम सव्वादोन वर्षं!

नेटकोडवरची मेहनत ट्रेलरमध्ये दिसत नाही, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. मला वाटतं, गोम तिथंच आहे. मॅचआधी समोरच्याचा पिंग दाखवा, सर्व्हर गेल्यावरही करिअर ऑफलाइन चालू द्या. घाम नंतर बघू.