गुरूची भाषा, शिष्याची भाषा : स्वीडिश-इंग्रजी वाक्यप्रतिमानाचा तौलनिक विचार

तौलनिक साहित्याभ्यासात ‘समानता’ ही संज्ञा नेहमीच जपून वापरली गेली आहे. दोन भाषांतील दोन वाक्ये ‘एकच’ आहेत असे म्हणताना ती कोणत्या अर्थाने, कोणत्या वाचकासाठी व कोणत्या प्रयोजनासाठी एक आहेत, हे सांगण्याची जबाबदारी अभ्यासकावर असते. अलीकडे ही जबाबदारी अंशतः यंत्राकडे जाऊ लागली आहे. स्टॉकहोम येथील स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील केबीलॅब या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये सिद्ध केलेले स्वीडिश-इंग्रजी वाक्यप्रतिमान हे त्याचे बोलके उदाहरण होय. त्याची चर्चा प्रामुख्याने उपयुक्ततेच्या अंगाने होते. त्याच्या मुळाशी असलेले भाषांतरविषयक गृहीतक मात्र साहित्याभ्यासकानेच तपासावे लागेल.

अशा प्रतिमानात प्रत्येक वाक्याचे रूपांतर संख्यांच्या एका मालिकेत, म्हणजे सदिशात होते. प्रस्तुत प्रतिमानात या संख्या ७६८ आहेत. दोन सदिश जितके जवळ, तितकी ती वाक्ये अर्थाने जवळ मानली जातात. इंग्रजीत समानार्थी वाक्यांच्या विपुल जोड्या उपलब्ध असल्याने तेथे हे शिक्षण सुकर झाले. सुमारे एक कोटी भाषकांच्या स्वीडिशमध्ये तशी सामग्री त्या प्रमाणात नव्हती. म्हणून निल्स रायमर्स व इरिना गुरेविच यांनी २०२० मध्ये मांडलेली ‘ज्ञानाच्या ऊर्ध्वपातना’ची पद्धत स्वीकारण्यात आली. तीत इंग्रजी शिकलेले एक प्रतिमान ‘गुरू’ असते व दुसरे ‘शिष्य’. इंग्रजी वाक्याला गुरू एक स्थान देतो. शिष्याने ते इंग्रजी वाक्य आणि त्याचे स्वीडिश भाषांतर, दोन्ही त्याच स्थानी आणून ठेवायचे असतात. स्थानांतील फरकाचा वर्ग क्रमाक्रमाने कमी करत नेणे, एवढेच हे शिक्षण. या साऱ्या प्रक्रियेत गुरू जराही बदलत नाही.

येथील शिष्य स्वीडिशला परका नाही, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. केबी-बर्ट हे त्याचे मूळ प्रतिमान याच ग्रंथालयाने वृत्तपत्रे, शासकीय प्रकाशने आदी स्वीडिश मजकुरावर घडवले. स्वीडनमध्ये छापील मजकुराच्या प्रती शासनाकडे जमा करण्याचे बंधन १६६१ पासून आहे, आणि ग्रंथालयाच्या संग्रहाला त्याचे पाठबळ आहे. तेव्हा शिष्याचा पिंड स्वीडिश आहे. अर्थाची जवळीक मोजण्याची मोजपट्टी मात्र त्याला इंग्रजीकडून मिळाली आहे. प्रश्न उभा राहतो तो या मोजपट्टीविषयी.

स्वीडिशमध्ये वडिलांच्या भावाला ‘फारब्रूर’ आणि आईच्या भावाला ‘मुरब्रूर’ म्हणतात. वडिलांची बहीण ‘फास्तेर’, तर आईची बहीण ‘मुस्तेर’. मराठी वाचकाला येथे काका, मामा, आत्या आणि मावशी सहज ओळखू येतील. इंग्रजीत या चारांसाठी दोनच शब्द आहेत. ‘तो काकांकडे गेला’ आणि ‘तो मामांकडे गेला’ या अर्थाची दोन स्वीडिश वाक्ये प्रशिक्षणात आली, तर इंग्रजीत ती एकरूप होतात, आणि शिष्याला दोहोंसाठी एकच लक्ष्य दिले जाते. उलट ‘फारमूर’ व ‘मुरमूर’ या दोन आज्यांतील भेद मराठीतील ‘आजी’ सामावून घेते. प्रत्येक भाषा काही भेद राखते व काही सोडते. आक्षेप आहे तो कोणते भेद राखायचे हे ठरवण्याचा अधिकार एकाच भाषेकडे जाण्याला.

व्याकरणात हीच गोष्ट अधिक सूक्ष्म होते. ‘त्याने आपल्या भावाला लिहिले’ आणि ‘त्याने त्याच्या भावाला लिहिले’ यांत प्रमाण मराठी जो भेद करते, तोच स्वीडिश ‘सिन’ व ‘हान्स’ या रूपांनी करते. पहिल्यात भाऊ कर्त्याचा, दुसऱ्यात अन्य कोणाचा. इंग्रजीत दोन्ही वाक्ये एकसारखीच. कथनात हा भेद कधी कधी निर्णायक असतो, कारण कोणाची पत्नी, कोणाचे घर, कोणाचे पत्र यांवर कथानकच फिरू शकते.

यावर असे म्हणता येईल की शिष्याच्या मूळ स्वीडिश संस्कारातून या भेदांचे काही अवशेष सदिशात टिकून राहतील. तसे ते राहूही शकतात. परंतु प्रशिक्षणाचे उद्दिष्टच अशा अवशेषाला चूक ठरवते. जे उरते, ते पद्धतीमुळे नव्हे, तर पद्धत असूनही उरते.

शिक्षणाची सामग्री आणि परीक्षा यांकडे पाहिल्यास हे चित्र अधिक स्पष्ट होते. समांतर वाक्ये आली ती युरोपीय संसदेतील चर्चा, युरोपीय संघाचे कायदे, औषधविषयक दस्तऐवज, धार्मिक नियतकालिके, व्याख्याने आणि चित्रपटांची उपशीर्षके यांतून. म्हणजे तेथील स्वीडिशचा मोठा भाग भाषांतराचीच स्वीडिश आहे. गुणवत्ता तपासण्यासाठी वापरलेला स्वीडिश वाक्यसाम्याचा संचही मूळ इंग्रजी संचाच्या यांत्रिक भाषांतरातून निवडून, मग माणसांकडून तपासून घेतलेला. गुरू इंग्रजी, पाठ बहुतांशी भाषांतरित आणि प्रश्नपत्रिकाही इंग्रजीतून आलेली. अशा परीक्षेतील यश खरे असले तरी इंग्रजीत ज्याला नाव नाही ते हरवले की राहिले, हे तिच्यातून कळत नाही.

म्हणून प्रतिमान टाकाऊ ठरते असे नाही. सेल्मा लागरलोव्ह यांच्या ‘निल्स होल्गर्सन’ या १९०६-०७ मधील कृतीचा इंग्रजी अनुवाद १९०७ पासून प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्यात काही भाग गाळला गेला. मूळ व अनुवाद यांची वाक्यवार जुळणी करून जोडीदार न मिळालेली वाक्ये शोधण्याचे काम असे प्रतिमान थोड्या वेळात करू शकते. गाळलेले काय, हे सांगण्यास ते समर्थ आहे. बदललेले काय, हे विचारू लागल्यास मात्र तर्क चक्राकार होतो. मूळ आणि अनुवाद एकाच बिंदूवर आणण्यासाठीच जे साधन घडवले, त्यानेच त्यांच्यातील अंतर मोजायचे, आणि ते अल्प निघाले म्हणून अनुवाद निष्ठावान ठरवायचा! अशा आकड्यात कृतीपेक्षा साधनाच्या घडणीचाच पुरावा अधिक असतो.

स्थिर गुरू नसलेल्या पद्धतीही आहेत. गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या, शंभराहून अधिक भाषांच्या लाब्से या प्रतिमानात खऱ्या भाषांतराला इतर वाक्यांतून ओळखण्याचे शिक्षण दिले जाते, आणि दोन्ही भाषांची स्थाने परस्परांनुसार सरकतात. तथापि वाक्यजोडीची एक बाजू तेथेही बहुतांशी इंग्रजीच आहे. पद्धत बदलली तरी मध्यस्थ बदलत नाही.

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाला हा प्रश्न दूरचा नाही. २०२१ मधील ‘समानंतर’ या वाक्यसंग्रहात दोन भारतीय भाषांतील जोड्या इंग्रजीच्या मध्यस्थीने जुळवलेल्या आहेत, आणि पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी वाक्यप्रतिमान यंत्रानुवादित सामग्रीवर शिकले आहे. साधनांच्या अभावी हे मार्ग समर्थनीय ठरतात, यात शंका नाही. तरीही मराठी आणि कन्नड यांना शेजारधर्माने एकमेकींविषयी जे ठाऊक आहे, ते इंग्रजीत जाऊन परतताना किती उरते, हे मोजण्याची सोय असायला हवी. त्यासाठी नात्यांची नावे, ‘आपला’ व ‘त्याचा’ यांतील भेद, आदरार्थी बहुवचन अशा स्थळांवर बेतलेली, दोन्ही भाषांच्या जाणकारांनी रचलेली एक छोटी कसोटीही पुष्कळ सांगून जाईल. ती रचण्यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. काका आणि मामा यांत फरक आहे हे ज्यांना सांगावे लागत नाही, अशा अभ्यासकांची गरज आहे.