नगराचे व्याकरण : उत्सर्ग आणि अपवाद

वाहन चालविण्याचे शिक्षण देणाऱ्या सिम्युलेटरच्या पडद्यावर जे शहर दिसते, त्यातील प्रत्येक घर हाताने रचणे फार कष्टाचे असते. म्हणून मोजक्या नियमांतून संपूर्ण शहर सिद्ध करण्याची पद्धती रूढ झाली. ॲरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या वाढीचे वर्णन करण्यासाठी १९६८ साली पुनर्लेखन-नियमांची एक व्यवस्था मांडली. तिचाच विस्तार करून योआव पॅरिश व पास्कल म्युलर यांनी २००१ साली रस्ते, भूखंड आणि इमारती क्रमाने उत्पन्न करून दाखविल्या. भाषाशास्त्राला हा विचार परका नाही. थोड्या नियमांतून अगणित वाक्ये सिद्ध करणारी व्यवस्था म्हणजेच व्याकरण होय.

या पद्धतीचा गुण निर्विवाद आहे. शिकाऊ चालकापुढे एकच रस्ता वारंवार आला, तर तो वळणे पाठ करतो. वाहन चालविणे शिकत नाही. नियमजन्य शहर दर वेळी नवे असल्यामुळे पाठांतराला तेथे वाव उरत नाही.

तथापि हे नियम कोणत्या नगरांवरून घेतले, हे पाहणे अगत्याचे आहे. पॅरिश-म्युलर यांच्या रस्त्यांचे नमुने न्यूयॉर्कची चौकट, पॅरिसची केंद्रगामी रचना आणि सॅन फ्रान्सिस्कोचा चढउतार यांवर बेतलेले आहेत. मलिक अहमदाने वसविलेले अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) यांपैकी कोणत्याच नमुन्यात बसत नाही. माळीवाडा वेस किंवा दिल्ली दरवाजा आज जेथे उभा आहे, त्याचे कारण लोकसंख्येच्या नकाशात सापडणार नाही. ते इतिहासात आहे. गळीत हंगामात जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. त्यांचे कारण कारखान्यांच्या वेळापत्रकात आहे.

असे अडथळे यदृच्छेने पेरता येतील, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतील. परंतु यदृच्छा आणि अपवाद यांत मूलभूत भेद आहे. ‘इति’ आणि ‘आदि’ यांचा संधी ‘इत्यादि’ होतो. ‘कवि’ आणि ‘ईश्वर’ यांचा मात्र ‘कवीश्वर’ होतो. येथे सवर्णदीर्घ यणादेशाला बाधतो, तो लहरीने नव्हे; त्याचे क्षेत्र निश्चित आहे. उसाच्या गाडीचेही तसेच आहे. तिला ऋतू आहे, वेळ आहे, वाट आहे. यदृच्छेने पेरलेली गाडी चालकाला केवळ दचकावयास शिकविते. क्षेत्र जाणून ठेवलेली गाडी त्याला आधीच ओळखावयास शिकविते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीपाशी, या दोहोंतील अंतर माणसाच्या प्राणाइतके असते.

म्हणून दोष नियमांचा नाही. अपवादांना नियमाची प्रतिष्ठा न देण्याचा आहे. पाणिनीची परंपरा अपवादाला उत्सर्गाहून बलवान मानते, हे येथे उपयोगी पडावे. वाहनांचे संशोधन करणारी व्हीआरडीई आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र या दोन्ही संस्था याच शहरात आहेत; वाहनविद्या येथे नवखी नाही. नगरच्या रस्त्यांचे व्याकरण लिहावयाचे तर त्याची सामग्री वेशीपाशी उभे राहून, हंगामात आणि हंगामाबाहेर, रस्ता पाहूनच गोळा करावी लागेल. कोणत्याही बोलीचे व्याकरण याहून वेगळ्या रीतीने लिहिले गेलेले नाही.