बर्लादची सन ११३४ ची सनद : एक परीक्षण

रुमानिया देशांतील मोल्दाविया प्रांताच्या दक्षिण भागांत बर्लाद, तेकुच व गलात्स अशीं तीन गांवें आहेत. बर्लाद याच नांवाची नदी उत्तरेकडून वाहत येऊन सिरेत नदीस मिळते. तिच्या कांठीं वरच्या अंगास बर्लाद शहर व खालच्या अंगास तेकुच. सिरेत पुढें डान्यूबला मिळते, आणि सिरेत व प्रूत या दोन नद्यांच्या मुखांच्या दरम्यान, डान्यूबच्या डाव्या तीरावर, गलात्स बंदर वसलें आहे. नकाशावर हीं तीन स्थानें एका माळेंत ओंवल्यासारखीं दिसतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

या तिन्ही गांवांच्या प्राचीनत्वास पुरावा म्हणून स्लाव्ह भाषेंतील एक लहानशी सनद पुष्कळ वर्षें दाखविली जात असे. ती बोगदान पेत्रिचेइकू हाजदेउ (१८३८–१९०७) यांनीं सन १८६० मध्यें प्रसिद्ध केली. तिच्यावर मिती २० मे ११३४ अशी आहे. देणाराचें नांव इवान्को रोस्तिस्लाविच. गालिचच्या गादीचा वंशज व बर्लादचा राजा असें तो स्वतःस म्हणवितो. घेणारे मेसेंब्रियाचे, म्हणजे काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील हल्लींच्या बल्गेरियांतील नेसेबरचे, व्यापारी. मजकुराचा सारांश असा : लहान गालिच या गांवीं माल उतरविल्यास त्यांना जकात माफ आहे, ती त्यांनीं बर्लाद, तेकुच व राजाच्या इतर गांवीं द्यावी. उलट देशी, हंगेरियन, रुसी व चेक माल बाहेर नेतांना लहान गालिचाखेरीज कोठेंही जकात देऊं नये. लहान गालिच म्हणजे गलात्स, असा अर्थ लाविला गेला.

हा कागद अस्सल ठरला, तर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत डान्यूबच्या कांठीं जकातनाक्यांसह एक सुव्यवस्थित राज्य होतें, त्याची राजधानी बर्लाद होती, आणि गलात्स तेव्हांच निर्यातीचें बंदर होतें, असें मानावें लागेल. मोल्दावियाचें राज्य चौदाव्या शतकांतलें. म्हणजे एका पानभर मजकुरानें त्या प्रांताच्या नागर इतिहासाचा आरंभ दोनशें वर्षांहून अधिक मागें जातो. इतकें ओझें उचलणारा कागद किती बळकट आहे हें पाहणें म्हणूनच अगत्याचें आहे.

ही परीक्षा प्रथम कसोशीनें केली ती योआन बोगदान (१८६४–१९१९) या स्लाव्ह भाषांच्या पंडितानें. सन १८८९ मध्यें, वयाच्या पंचविशींत, त्यानें सनद बनावट असल्याचें सिद्ध करणारा निबंध रुमानियन अकॅडमीच्या ग्रंथमालेंत छापला. त्या वेळीं हाजदेउ देशाच्या सरकारी दप्तराचे मुख्य अधिकारी होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या तरुणाच्या धैर्याची कल्पना येते. आमच्यापुढें सनदेचा छापील पाठ आहे; शाई, चर्मपत्र व मुद्रा यांवर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु केवळ पाठावरूनही पुढील आक्षेप उभे राहतात.

(१) कालगणना. बाराव्या शतकांतील रुसी लेखांत वर्ष जगदुत्पत्तीपासून मोजीत; त्या रीतीनें ११३४ चा मे महिना ६६४२ या सालांत पडतो. या सनदेंत मात्र वर्ष ख्रिस्तजन्मापासून दिलें आहे. खुद्द रशियांत ही गणना सन १७०० मध्यें पीटर बादशहाच्या आज्ञेनें सुरू झाली. रुसी राजकुळांतील पुरुषानें ऑर्थोडॉक्स व्यापाऱ्यांस दिलेल्या लेखांत ती साडेपांचशें वर्षें आधीं यावी, याचें समाधानकारक कारण सांपडत नाहीं.

(२) भाषा. पाठांतील रूपें एका काळाचीं वा एका प्रदेशाचीं नाहींत. कांहींना बल्गेरियन वळण आहे, कांहींना रुसी, आणि राजा या अर्थाच्या शब्दास तर पोलिश उच्चाराचा वास येतो. लेखक एक असतां भाषा तीन ठिकाणची निघते, तेव्हां ती बोलून आलेली नसून पुस्तकांतून जमविलेली आहे असें अनुमान करणें भाग पडतें.

(३) देणारा. इवान रोस्तिस्लाविच ही व्यक्ति काल्पनिक नाहीं. रुसी बखरींत त्याची हकीकत आहे. तो झ्वेनिगोरोदचा राजा. सन ११४४ च्या सुमारास त्याचा चुलता व्होलोदिमिर्को शिकारीस गेला असतां गालिचच्या लोकांनीं त्यास गादीवर बोलाविलें. कांहीं आठवड्यांच्या वेढ्यानंतर तो तेथून डान्यूबकडे निसटला व पुढें कीव्हला गेला. ‘बर्लादनिक’ हें टोपणनांव त्यास बखरकार देतात. सन ११५९ च्या हकीकतींत तो डान्यूबच्या कांठीं गलबतें लुटतांना व गालिचच्या कोळ्यांस उपद्रव देतांना दिसतो. सन ११६१-६२ च्या सुमारास तो सालोनिका येथें मेला. विषप्रयोगाची वदंता होती. हें चरित्र पुंडाव्याचें आहे. सन ११३४ मध्यें हाच पुरुष डान्यूबच्या मुखाजवळ शांतपणें गादीवर बसून निर्यातीच्या जकातीचे नियम करीत होता, याला बखरींत तिळमात्र आधार नाहीं; आणि गालिचशीं त्याचा संबंध आला तो त्यानंतर दहा वर्षांनीं, तोही औटघटकेचा.

येथें एक शंका कोणी घेईल. बर्लाद हें नांव रुसी बखरींत बाराव्या शतकांतच येतें. सन ११७४ च्या हकीकतींतही तें आहे. मग सनद सर्वस्वीं खोटी कशी? याचें उत्तर असें कीं, नांव खरें असल्यानें कागद खरा होत नाहीं. तें नांव शहराचें कीं नुसत्या मुलखाचें हेंही त्या उल्लेखांवरून निश्चित होत नाहीं. बनावट नाण्यावरही वरचा मुलामा खऱ्या धातूचाच असतो.

(४) भूगोल. हा आक्षेप आमच्या मतें सर्वांत मर्मभेदक आहे, व त्याकडे भाषेच्या आक्षेपांच्या मानानें कमी लक्ष गेलें आहे. सनदेंतील व्यापार आंतून बाहेर जातो तो एकाच दारानें, गलात्सनें. परंतु मोल्दावियाच्या अस्सल कागदांत पंधराव्या शतकांतील चित्र निराळें आहे. आलेक्सांद्रु चेल बुन, म्हणजे ‘सज्जन आलेक्सांद्रु’, या राजानें सन १४०८ मध्यें ल्वोव येथील व्यापाऱ्यांस दिलेली सनद प्रसिद्ध आहे. तींत तातार मुलखाकडे जाणारा रस्ता चेताते आल्बा या समुद्रावरील किल्ल्याकडे जातो. आणि मासळीसाठीं ब्राइलास जाणाऱ्यांनीं सरहद्दीची जकात बकाउ किंवा बर्लाद येथें द्यावी असें आहे. त्या काळीं समुद्राचीं दारें म्हणजे चेताते आल्बा व किलिया. सन १४८४ मध्यें दुसऱ्या बायेझीद सुलतानानें हीं दोन्ही घेतलीं, आणि सोळाव्या शतकांत ब्राइलाही तुर्कांकडे गेली. तेव्हां कोठें गलात्स हें मोल्दावियाचें एकमेव मोठें बंदर झालें. सन १८३७ मध्यें तें जकातमुक्त बंदर ठरलें, आणि सन १८५६ च्या पॅरिस येथील तहानें स्थापिलेल्या युरोपीय डान्यूब-मंडळाचें ठाणें तेथेंच पडलें. सन ११३४ च्या म्हणविणाऱ्या सनदेंत जी व्यापाराची वाट रेखाटली आहे, ती सन १८६० च्या वाचकास ओळखीची होती. बाराव्या शतकांतल्या मनुष्यास नव्हती. बनावट लेख रचणारा जुनी लिपि व जुने शब्द शिकूं शकतो. परंतु स्वतःच्या काळचा नकाशा त्याच्या डोक्यांतून सहसा जात नाहीं.

सनद कोणीं रचली? पेत्रे पानाइतेस्कू यांनीं सन १९३२ मध्यें या सनदेबरोबर दुसराही एक लेख चर्चेस घेतला. तो युर्ग कोरियातोविच या लिथुएनियन राजपुत्राचा सन १३७४ चा, बर्लाद येथून दिलेला म्हणून हाजदेउ यांनींच पुढें आणलेला. दोन्ही कागद एकाच हाताचे, व तो हात हाजदेउ यांचाच, असा पानाइतेस्कू यांचा निष्कर्ष आहे. त्यांस त्यांनीं देशाभिमानाचीं बनावट कृत्यें म्हटलें. दोन कागद, दोन शतकें, दोन वंश, आणि दोहोंचें केंद्र बर्लाद! हा योगायोग फारच सोयीचा आहे. सन १८५९ मध्यें मोल्दाविया व वालाखिया हीं संस्थानें एकत्र आलीं होतीं. नव्या राष्ट्रास जुनी वंशावळ हवी होती. बाविशींतल्या एका बुद्धिमान तरुणास तो मोह पडला असेल. तरीही ‘रुमानियाचें ऐतिहासिक दप्तर’ या नांवानें त्याच हाजदेउ यांनीं पुढें शेंकडों अस्सल लेख छापले, हें त्यांचें ऋण विसरणें कृतघ्नपणा होईल. मात्र हेंच मोठें दुःखद आहे. विद्वानाचा एक खोटा कागद सांपडला कीं त्याचे शंभर खरे कागदही पुन्हा तपासावे लागतात.

आतां सनद काढून टाकल्यानें या गांवांचें कितीसें नुकसान होतें तें पाहूं. बर्लाद सन १४०८ च्या सनदेंत आहे. सन १४३५ च्या १ सप्टेंबरचें एक पत्र आहे. आलेक्सांद्रुच्या मागें त्याचे पुत्र इलियाश व श्तेफान यांच्यांत गादीसाठीं युद्ध झालें, व शेवटीं समेट झाला. भावास काय काय तोडून दिलें तें इलियाश त्यांत पोलंडच्या राजास कळवितो. किलिया, वास्लुई व तुतोवा हे परगणे, बर्लादची पेठ तिच्या परगण्यासह, कोवुरलुईच्या गिरण्या, आणि तेकुच आपल्या परगण्यासह, अशी ती यादी. गलात्सचा उल्लेख सन १४४५ मध्यें येतो. म्हणजे तिन्ही गांवें चाळीस वर्षांच्या आंत अस्सल कागदांत उभीं राहतात. शिवाय परगणा, ज्यास तेथें ‘त्सिनुत’ म्हणत, त्याचें गांवाशीं असलेलें नातें त्या पत्रांत स्पष्ट दिसतें. पेठ आणि तिच्याभोंवतीं मुलूख, ही मोल्दावियाच्या वांटणीची घडण त्यावरून कळते. बनावट सनदेंत या घडणीचा मागमूस नाहीं. मासळी, गिरण्या व भावांची वांटणी यांच्या साध्या नोंदींतून जेवढा इतिहास निघतो, तेवढा राजबिंड्या खोटेपणांतून कधींही निघत नाहीं.

हे परगणे पुढें फार काळ टिकले. तुतोवा परगण्याचें मुख्य ठाणें बर्लाद, कोवुरलुईचें गलात्स, व तेकुचचें तेकुच, अशी व्यवस्था जिल्ह्यांच्या रूपानें सन १९५० पर्यंत होती. त्या वर्षीं जुने जिल्हे मोडले. सन १९६८ मध्यें जिल्हे पुन्हा झाले तेव्हां तुतोवा, तेकुच व कोवुरलुई हीं नांवें नकाशावर परत आलीं नाहींत. बर्लाद वास्लुई जिल्ह्यांत गेलें, तेकुच व गलात्स गलात्स जिल्ह्यांत. सन १४३५ च्या पत्रांतील परगण्याचें नांव आज शोधूं जाणारास तें कारभाराच्या कागदांत सांपडणार नाहीं. तें जुन्या दप्तरांतच शोधावें लागेल, आणि म्हणून तीं दप्तरें निर्मळ असणें अधिकच अगत्याचें.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. ज्या कागदानें एखाद्या गांवाचा मान एकदम वाढतो, त्याची परीक्षा दुप्पट कडक करावी. मनास आवडणारा पुरावाच मनास फसवितो. प्रथम मिती कोणत्या गणनेची तें पाहावें, मग भाषा, मग मनुष्य, आणि शेवटीं कागदांत आलेल्या वाटेनें नकाशावर स्वतः चालून पाहावें. परीक्षेंत कागद खोटा ठरला तरी तो फेंकून देऊं नये. बर्लादची सनद बाराव्या शतकाची म्हणून निरुपयोगी आहे. परंतु सन १८६० चा कागद म्हणून ती मोलाची आहे, कारण त्या पिढीस आपला भूतकाळ कसा असावासा वाटत होता हें तीच सांगते. रुमालांत तिची जागा राहूं द्यावी. फक्त तिच्यावरचें साल बदलावें.