भयपटांची सलग मालिका : उपप्रकार, आशयसूत्र आणि रसक्रम

एका रात्रीत पाच-सहा भयपट ओळीने पाहण्याचा प्रघात आता चित्रपट-महोत्सवांपासून घरातल्या दूरचित्रवाणी संचापर्यंत सर्वत्र रूढ झाला आहे. ‘मॅरेथॉन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सलग दर्शनाकडे समीक्षेने सहसा हौशी मंडळींचा खेळ म्हणूनच पाहिले. परंतु कोणते चित्रपट निवडावयाचे, कोणत्या सूत्राने ते एकत्र आणावयाचे आणि कोणत्या क्रमाने दाखवावयाचे, हे तिन्ही मुळात समीक्षेचे प्रश्न आहेत. निवड करणारा नकळत भयपट या प्रकाराची व्याख्या करीत असतो, आणि क्रम लावणारा भयाच्या अनुभवाविषयी एक सिद्धान्त मांडीत असतो. उपप्रकारानुसार केलेली निवड कोठे अपुरी पडते, आशयसूत्रानुसार केलेल्या निवडीत कोणता धोका संभवतो आणि भारतीय रसविचारातून या बाबतीत काही मार्ग मिळतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रकार आधी सिद्ध असतो आणि मालिका नंतर रचली जाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. भयपटाचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. १९३६ नंतर सुमारे दोन वर्षे हॉलिवूडमध्ये भयपटांची निर्मिती जवळजवळ थांबली होती. ऑगस्ट १९३८ मध्ये बेव्हर्ली हिल्स येथील रेजिना या लहान चित्रपटगृहाने ‘ड्रॅक्युला’ (१९३१), ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) आणि ‘सन ऑफ काँग’ (१९३३) हे तीन जुने चित्रपट एका तिकिटात दाखवले आणि प्रेक्षकांची रीघ लागली. युनिव्हर्सल कंपनीने यातील आपले पहिले दोन चित्रपट जोडीने पुन्हा सर्वत्र प्रदर्शित केले आणि लगोलग ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ची निर्मिती हाती घेतली. तो १९३९ मध्ये पडद्यावर आला. मंदावलेला प्रकार पुन्हा जिवंत झाला तो अशा एका सलग खेळामुळे.

येथे एक बारीक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. ‘सन ऑफ काँग’ हा खऱ्या अर्थाने भयपट नाही. त्यातील वानर प्रेमळ आहे, काहीसा विनोदीही आहे. रेजिनाच्या कार्यक्रमात भयाबरोबर अद्भुत आणि हास्य यांनाही जागा होती. पुढील व्यावसायिक जोडीने ती जागा काढून टाकली आणि निव्वळ भयाची जोडी शिल्लक ठेवली. प्रकाराच्या शुद्धीकरणाची ही प्रक्रिया समीक्षकांच्या ग्रंथात घडली नाही, ती वितरकांच्या कचेरीत घडली.

दुसरे उदाहरण १९५७ चे आहे. स्क्रीन जेम्स या संस्थेने युनिव्हर्सलच्या ५२ जुन्या चित्रपटांचा संच ‘शॉक’ या नावाने अमेरिकन दूरचित्रवाणी केंद्रांना पुरवला. त्यात ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ होतेच, पण साधे रहस्यपट आणि हेरपटही होते. एकच नाव, रात्रीची एकच वेळ आणि भुताचे सोंग घेतलेला निवेदक यांच्या योगाने हे सारे चित्रपट भयपट म्हणून स्वीकारले गेले. उपप्रकार हा चित्रपटाचा अंगभूत गुण असतो, तितकाच तो शेजाराचाही परिणाम असतो, असे यावरून म्हणता येईल.

२

सलग मालिकेसाठी सर्वांत सोयीची समजली जाणारी पद्धत म्हणजे प्राण्यानुसार वा प्रसंगानुसार वर्गवारी : रक्तपिशाच, उठलेली प्रेते, झपाटलेले घर, पाठलाग करणारा खुनी, विकृत होत जाणारा देह. या पद्धतीचा ऐतिहासिक उपयोग नाकारता येत नाही. मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ (१९२२), ब्राउनिंगचा ‘ड्रॅक्युला’, टेरेन्स फिशरचा ‘ड्रॅक्युला’ (१९५८) आणि टोमास आल्फ्रेडसनचा ‘लेट द राइट वन इन’ (२००८) हे चार चित्रपट ओळीने पाहिले असता एखादा संकेत कसा जन्मतो, कसा रुळतो आणि कसा उलटवला जातो हे स्पष्ट दिसते. सूर्यप्रकाशाने रक्तपिशाच नष्ट होतो हा आज सर्वज्ञात असलेला संकेत स्टोकरच्या कादंबरीत नाही. तेथे ड्रॅक्युला दिवसाही वावरतो. तो संकेत ‘नोस्फेरातू’ने दिला आणि पुढच्या चित्रपटांनी त्याचा नियम केला.

परंतु हे ज्ञान भयाच्या मोबदल्यात मिळते. तिसऱ्या चित्रपटापर्यंत प्रेक्षक सुळे, क्रूस आणि शवपेटी यांची तुलना करू लागतो. तो जाणकार होतो आणि भिण्याचे थांबतो. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात रसाला बाधक ठरणाऱ्या गोष्टी सांगताना नेमका हाच दोष नोंदवला आहे. पूर्ण परिपोष पावलेला रस पुन्हा पुन्हा उद्दीपित केला, तर हाताळून हाताळून कोमेजलेल्या फुलासारखी त्याची अवस्था होते, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्यासमोर महाकाव्य आणि नाटक होते, तरी एकाच उपप्रकाराच्या रात्रभराच्या मालिकेचे याहून नेमके वर्णन आधुनिक चित्रपटसमीक्षेत क्वचितच सापडेल.

शिवाय प्राण्यानुसार वर्गवारी करताना एक मूलभूत गोष्ट नजरेआड होते. नोएल कॅरल यांनी १९९० मधील आपल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की, काही प्रकारांची नावे स्थळावरून पडतात, तर भयपटाचे नाव तो जी भावना जागवू पाहतो तिच्यावरून पडले आहे. मराठीतही नारायण धारप यांच्या कथांना ‘भयकथा’ आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांना ‘गूढकथा’ म्हणताना हाच भेद अभावितपणे पाळला गेला आहे : पहिले नाव वाचकाच्या भावनेचे, दुसरे कथावस्तूच्या धर्माचे. नाव भावनेचे असेल तर उपप्रकारांची विभागणीही भावनेच्या अंगाने व्हावयास हवी.

३

वर्गवारीची ही चौकट मोडण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न १९७९ मध्ये टोरंटो येथील ‘फेस्टिव्हल ऑफ फेस्टिव्हल्स’मध्ये झाला. रॉबिन वुड आणि रिचर्ड लिपी यांनी तेथे ‘द अमेरिकन नाइटमेअर’ या शीर्षकाखाली भयपटांची मालिका सादर केली आणि त्याच नावाची लेखपुस्तिकाही सिद्ध केली. वुड यांचे मूलसूत्र साधे होते : राक्षसाकडून प्रस्थापित सामान्य जीवनाला धोका निर्माण होतो. सामान्य जीवन, राक्षस आणि या दोहोंतील नाते या तीन घटकांकडे पाहून प्रत्येक भयपट वाचता येतो. समाज ज्या प्रवृत्ती दडपतो त्याच राक्षसाच्या रूपाने परत येतात, आणि ‘सायको’ (१९६०) नंतरच्या अमेरिकन भयपटात त्यांचे उगमस्थान कुटुंब हेच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या सूत्राचे बळ दोन चित्रपट शेजारी ठेवले की कळते. ‘द ओमेन’मध्ये (१९७६) सैतानाचे मूल बाहेरून येते, इस्पितळातल्या अदलाबदलीने घरात शिरते. मूळ कुटुंब निर्दोष राहते. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’मध्ये (१९७४) मात्र राक्षस म्हणजेच एक कुटुंब आहे. कत्तलखान्यातील काम गमावलेले, एका टेबलाभोवती बसून जेवणारे, आजोबांचा मान राखणारे कुटुंब. पहिला चित्रपट घराचे दार बाहेरच्याविरुद्ध बंद करावयास शिकवतो. दुसरा घराच्या आतच पाहावयास लावतो. भूत कोणाला म्हणावयाचे, हा निर्णय अशा निवडीत दडलेला असतो. परका, विकलांग, स्त्री, गरीब यांना चित्रपटाने राक्षस ठरवले आहे की ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारला आहे, हे मालिकेच्या रचनेतून उजेडात येते किंवा झाकले जाते.

तरीही वुड यांच्या पद्धतीची मर्यादा सांगितली पाहिजे. पुरोगामी आणि प्रतिगामी अशी भयपटांची विभागणी करताना त्यांनी डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या ‘शिव्हर्स’सारख्या चित्रपटाला (१९७५) प्रतिगामी ठरवले. देहाविषयीच्या जुगुप्सेतून त्या चित्रपटात जो अनुभव घडतो त्याला या निवाड्यात फारसे स्थान उरले नाही. आशयसूत्र आधी ठरले की चित्रपट त्याचे दाखले बनतात. उपप्रकाराच्या मालिकेत प्रेक्षक जाणकार होतो, आशयसूत्राच्या मालिकेत तो न्यायाधीश होतो. दोन्ही ठिकाणी भिणारा माणूस मागे पडतो.

४

भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजातून, म्हणजे बतावणीतून, उद्भवणारे भय, अपराधातून उद्भवणारे भय, आणि वित्रासातून, म्हणजे प्रत्यक्ष धाकातून उद्भवणारे भय. भरताला येथे नाट्यगत भय अभिप्रेत आहे, हे मान्य करूनही हा विचार प्रेक्षकानुभवाकडे वाढवता येतो. जॅक टूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) निर्जन रस्त्यावर पाठलागाची चाहूल लागते आणि फूत्कार ऐकू येतो तो थांबणाऱ्या बसचा. हे व्याजजन्य भय. पाठीस लागलेला खुनी वा प्रेतांचा जमाव हे वित्रासजन्य भय. आणि ज्याची आपणच पायाभरणी केली त्याच्याकडून होणारा सूड हे अपराधजन्य भय.

बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असे भरताचे मत आहे. रक्त वगैरेंमुळे होणारा क्षोभज आणि विष्ठा-कृमींमुळे होणारा उद्वेगी असे बीभत्साचे भेदही त्याने केले आहेत. कॅरल यांच्या मते भयपटातील राक्षस धोकादायक आणि अमंगळ असा दोन्ही असावा लागतो. भय आणि जुगुप्सा यांचे हे साहचर्य भारतीय परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. मात्र तिने हे दोन भाव एकात मिसळले नाहीत, त्यांत कार्यकारणसंबंध पाहिला. मालिका रचणाऱ्याला हा भेद उपयोगी आहे. बीभत्साने सुरुवात केल्यास पुढचे भय तीव्र होते. भयाचा परिपोष झाल्यावर बीभत्स आणला, तर केवळ किळस उरते.

या त्रिविध विभागणीतील ‘अपराध’ हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. वुड ज्याला दडपलेल्याचे पुनरागमन म्हणतात ते सामाजिक पातळीवरील अपराधजन्य भयच होय. येथे रसविचार आणि समाजविचार परस्परांना छेदतात. रसविचाराला समाजाचे भान नाही आणि समाजविचाराला अनुभवाचे भान नाही, हे नेहमीचे दुहेरी आक्षेप निदान या एका ठिकाणी निरुत्तर होतात.

५

‘घर’ हे आशयसूत्र घेऊन एका रात्रीची मालिका रचून हा विचार पारखता येईल. प्रारंभी जेम्स व्हेल यांचा ‘द ओल्ड डार्क हाउस’ (१९३२). वादळात अडकलेले प्रवासी, एक विक्षिप्त कुटुंब, वरच्या खोलीत कोंडलेला भाऊ. दार उघडल्यावर तो दीनवाणा भासतो आणि नंतर आपले खरे रूप दाखवतो. भय येथे बतावणीतून येते आणि हास्य त्याच्या हातात हात घालून चालते. त्यानंतर रॉबर्ट वाइज यांचा ‘द हाँटिंग’ (१९६३). त्यात भूत दिसतच नाही, घराला आपली गरज आहे असे वाटणारी एकाकी स्त्री दिसते. आईच्या आजारपणात झालेल्या कुचराईची तिची खंत हे अपराधजन्य भयाचे पहिले सूचन होय. तिसरा जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). वित्रासजन्य भयाचा येथे परिपोष होतो. प्रेतांच्या वेढ्यातून रात्रभर तगून राहिलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी सुटका करावयास आलेल्या माणसांच्याच गोळीला बळी पडतो. धाक कोणाचा होता, हा प्रश्न रात्रीच्या मध्यावर उभा राहतो.

यानंतर लगेच ‘टेक्सास चेन सॉ’ ठेवला, तर आनंदवर्धनाने सांगितलेले कोमेजणे अटळ आहे. दोन विरोधी रसांमध्ये तिसरा रस ठेवावा, असे सांगताना त्याने ‘नागानंद’ नाटकाचा दाखला दिला आहे. तेथे शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत आला आहे. येथे रस विरोधी नाहीत, सारखेच आहेत. परंतु व्यवधानाची गरज तेवढीच आहे. म्हणून मध्ये ‘कॅट पीपल’ यावा. आपल्यात श्वापद आहे या भीतीने पतीपासून दूर राहणारी सर्बियातून आलेली इरेना ही राक्षसही आहे आणि करुणेचा विषयही आहे. घर येथे वैवाहिक घर आहे आणि त्यात परकी ठरलेली स्त्री तेथे टिकू शकत नाही. करुणाने मन मृदू झाल्यावरच ‘टेक्सास चेन सॉ’मधील जेवणाचे टेबल खरे भयंकर वाटते.

शेवटी राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). या हिंदी चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आले आहे आणि धारपांच्या कथेचे ऋण दिग्दर्शकाने मान्य केले आहे. देवकथेच्या अद्भुताने त्याचा आरंभ होतो, त्यामुळे पुन्हा व्यवधान साधते. १९१८ पासून स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत चालणाऱ्या या कथेत वाड्याखालच्या हस्तरपेक्षा त्याच्याकडून सोने ओरबाडणारा विनायक अधिक अस्वस्थ करतो, कारण तो हा धंदा आपल्या मुलाला शिकवतो. अपराध येथे वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातो. वाडा, जमीन आणि घराण्याचे धन यांविषयीची मराठी प्रेक्षकाची जवळीक या भयाला अधिक धार देते.

सहा चित्रपटांचा हा कार्यक्रम सुमारे नऊ तासांचा होतो. त्यात उपप्रकार पाच-सहा आहेत, आशयसूत्र एक आहे आणि क्रम भयाच्या प्रकारांनी ठरला आहे : बतावणीकडून धाकाकडे आणि धाकाकडून अपराधाकडे. जपानी वा इटालियन भयपटाला येथे जागा मिळालेली नाही, आणि दुसऱ्या कोणी ‘घर’ याच सूत्राने वेगळी ओळ लावली तर वेगळा सिद्धान्त हाती येईल. निवडीच्या मागे सिद्धान्त असतो हे मान्य केले, की अशा मतभेदांना हौशीच्या पलीकडचा अर्थ प्राप्त होतो. पहिल्या चित्रपटाच्या वेळी दुसऱ्याच्या घरात आसरा मागणारा प्रेक्षक शेवटच्या चित्रपटानंतर स्वतःच्या घराकडे परततो. त्या घराचा पाया कशावर उभा आहे, हा प्रश्न त्याच्याबरोबर जात असेल, तर रात्रभराच्या जागरणाने रस आणि विचार या दोहोंचे कार्य साधले असे म्हणावे लागेल.